बुधीबाईंनी शुद्ध केलेली तक्रार

आमच्या कॉलेजच्या आवारात एक लंगडं कुत्रं आहे. ते ग्रंथालयाच्या पायरीवर आडवं झालं की बुधीबाई हातात झाडू घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "उठा बघू. तुम्ही इथे झोपलात तर पोरं आत जातील कशी?" कुत्रं काही उठायचं नाही. मुलं हसायची. नव्या आलेल्या प्राध्यापकांना वाटायचं, बाई मोठ्या विनोदी आहेत. विनोद कसला! कॉलेजच्या फाटकाच्या आत बुधीबाईंच्या तोंडून 'तू' हा शब्द बाहेरच पडत नसे, मग समोर कुत्रं असलं तरी.

मी जयश्री, वाणगावची. या कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जुलैत नवी ऑर्डर हातात पडली तर मी शिक्षिका, नाही पडली तर घरच्या वाडीत मिरची तोडायला मोकळी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं आणि जे केलं नाही, त्याचं कारण एवढंच आहे. दुसरं काही थोर कारण शोधत बसू नका. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. डहाणू आणि तलासरीच्या मधे, हायवेपासून थोडं आत, एवढं पुरे.

बुधीबाई चिमण वरठा या तिथल्या ग्रंथालय परिचर. गंजाडच्या पलीकडच्या एका पाड्यावर घर, नवरा चिमण चिकूच्या वाडीत कामाला. चोविसाव्या वर्षी त्या झाडू मारायला म्हणून कॉलेजात लागल्या तेव्हा जेमतेम सातवी झालेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तेव्हाच्या प्राचार्यांच्या टेबलावर कप ठेवला आणि मायेने म्हणाल्या, "साहेब, तू चा घे, निवला बघ." खोलीत संस्थेचे लोक बसलेले होते. ते हसले. प्राचार्य हसले नाहीत. बाईला दिवसभर ऑफिसच्या दाराबाहेर उभं ठेवलं आणि हेडक्लार्ककडून समज दिली.

इथे जन्मलेल्याला सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगते. आमच्याकडच्या आदिवासी बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात. बापाला तू, सासऱ्याला तू, तहसीलदाराला तू, डॉक्टरला तू. त्यात उर्मटपणा नसतो आणि लगटही नसते. बोलीच तशी आहे. पण ते ऑफिसात कोण ऐकून घेणार? बुधीबाई मग महिनाभर पाड्यावरून येताना रस्त्याने "तुम्ही या, तुम्ही बसा, तुम्ही घ्या" असं पुटपुटत यायच्या. रस्त्यावरच्या बायकांना वाटलं, हिला काहीतरी बाहेरचं लागलं.

त्यानंतर या बाईने एकतिसाव्या वर्षी दहावी दिली आणि ग्रंथालयात आली. अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार रोज त्यांनीच लिहावा. सुविचारापेक्षा अक्षरच जास्त वाचलं जायचं. जूनमध्ये माझ्यासाठी पिशवीतून शेवळं, ती पहिल्या पावसाची रानभाजी, आणायच्या आणि दर वर्षी न चुकता बजावायच्या, "मॅडम, काकडं टाका बरं का त्यात, नाहीतर घसा खाजेल." मी दर वर्षी म्हणायची, बाई, माहीत आहे मला. तरी त्या काकडांची ती आंबट फळं वेगळी कागदात बांधून द्यायच्याच.

जुलैत नव्या मुली यायच्या, लांबच्या पाड्यांवरून, जीपच्या मागच्या फळीवर अंग चोरून बसून. ग्रंथालयाच्या खिडकीशी येऊन म्हणायच्या, "मावशी, मना पुस्तक दे." बुधीबाई पुढे वाकून हळूच सांगायच्या, "इथे द्या म्हणायचं. नाहीतर हसतात." असं किती मुलींना त्यांनी हसण्यापासून वाचवलं असेल, देव जाणे. त्याच मुली नंतर माझ्या वर्गात यायच्या आणि मी लाल पेनने 'आदरार्थी बहुवचन' असं लिहून त्यांचे दोन-दोन गुण कापायचे. दोघी मिळून आम्ही एकच काम करत होतो, आणि दोघींनाही वाटायचं आपण मुलींचं भलंच करतो आहोत.

मग समिती आली. कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला एक अंतर्गत समिती पाहिजे, असा नियम आहे. आमच्याकडे ती तपासणीचं पथक यायच्या आदल्या दिवशी अर्ध्या तासात तयार झाली. अध्यक्ष अर्थशास्त्राच्या निर्मला मॅडम, सचिव मी, कारण टिपणं काढायला कोणीतरी हवं. बाहेरच्या सदस्य म्हणून डहाणूच्या महिला मंडळाच्या दक्षाबेन. वाणिज्याचे एक सर. शिक्षकेतर बाईमाणूस हवं होतं. ऑफिसातली एकुलती एक क्लार्क बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून बुधीबाई. व्हरांड्यात फलक लागला. आम्ही बाकीच्यांनी तो एकदा पाहिला आणि विसरलो. बुधीबाई दर सोमवारी ओल्या फडक्याने पुसायच्या.

आम्हा सगळ्यांचं पालघरला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. आम्ही फोटो काढले, जेवलो. बुधीबाईंनी वहीत आठ पानं लिहून आणली. त्यातलं एक वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं होतं: तक्रार करणारीला लिहिता येत नसेल तर सदस्याने तिला लिहायला मदत करावी. परतताना जीपमध्ये त्यांनी निर्मला मॅडमना विचारलं, "मॅडम, तक्रारच आली नाही तर आपण काय करायचं?" मॅडम म्हणाल्या, "तक्रार आली नाही म्हणजे कॉलेज चांगलं, बुधीबाई." तीन वर्षं आमचा वार्षिक अहवाल 'निरंक' म्हणून गेला. बुधीबाई सही करायच्या, पण पेन उघडायच्या आधी दर वर्षी म्हणायच्या, "निरंक कसं हो? पोरी इतिहासाच्या खोलीत एकट्या जात नायत." निर्मला मॅडम पुढचा कागद सरकवायच्या. मी शिक्का मारायची.

इतिहासाच्या खोलीत सुनिल सर बसायचे. गोड माणूस. महिला दिनाचं भाषण दर वर्षी त्यांचंच, आणि ते ऐकून एखाद्या दगडालाही पाझर फुटावा. संस्थेच्या लोकांत ऊठबस. तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प त्यांच्याकडे, प्रकल्पाचे गुण त्यांच्या हातात.

प्रगती त्यांच्याकडेच होती. प्रगती काकड्या धोडी, बुधीबाईंच्याच पाड्यावरची. बारावीनंतर तिच्या आईबापाने, काकड्या आणि चिमीने, तिला कंपनीत पाठवायचं ठरवलं होतं. बुधीबाई त्यांच्या ओटीवर सलग चार संध्याकाळी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला माझ्या डोळ्यासमोर ठेवते." त्या शब्दावर पोरगी कॉलेजात आली. पाड्यावरून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला पोचलेली ती पहिली मुलगी. तिला तलाठ्याची परीक्षा द्यायची होती, त्याला पदवी लागते. पदवीला प्रकल्प लागतो. प्रकल्पाला सुनिल सरांची सही लागते. सगळं तिथे येऊन अडकलेलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात प्रगती यायची बंद झाली. चार दिवस झाले, पाच झाले. रविवारी बुधीबाई तिच्या घरी गेल्या. ती परसात वालाच्या शेंगा सोलत बसलेली होती, मान वर करीना. चिमीने सांगितलं, "जेवत नाय, बोलत नाय." आई आत गेल्यावर प्रगती बोलली. प्रकल्पाच्या सहीसाठी सर तिला महिनाभर खेपा घालायला लावत होते. आज नाही, उद्या थांब, दुपारी ये, सगळे गेल्यावर ये. मोबाइलवर काय काय लिहीत होते. ते वाचून ती घाबरायची आणि पुसून टाकायची, कारण फोन तिचा आणि भावाचा मिळून एकच. ती शेवटची आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी खोलीचं दार लोटलं, तिचा दंड धरला, पाठीवरून हात खाली नेला. तिने हात झटकला आणि म्हणाली, "सर, तू असा नको करू. मी तुझे पोरीसारखी हाय." मग वही तिथेच टाकून पळाली.

बुधीबाईंनी तिला वही-पेन दिलं आणि म्हणाल्या, "लिव. जसा घडला तसा लिव." तिने तीन पानं लिहिली, आपल्या बोलण्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी बुधीबाई ती पानं घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत स्वतः केलेली स्वच्छ प्रत होती, फुलस्केप कागदावर, समास सोडून, त्या सुंदर अक्षरात. म्हणाल्या, "मॅडम, पोरगी सगळीकडे तू-तू लिहिते. सरांना तू म्हटलेलं वाचलं तर लोक म्हणतील हिलाच वळण नाही. म्हणून मी तुम्ही केलं. तेवढं शुद्धलेखन बघा." मी वाचलं. 'मी सरांशी नेहमी आदराने बोलत असे. मी त्यांना म्हणाले, सर, तुम्ही असे करू नका, मी तुमच्या मुलीसारखी आहे.' मी दोन वेलांट्या बदलल्या. म्हणाले, "बरं केलंत. छान झालाय अर्ज." त्यांनी विचारलं, "आणि हे पोरीचं?" मी म्हणाले, "ते कशाला ठेवता? दोन-दोन कागद असले की गोंधळ होतो." बुधीबाईंनी ती तीन पानं घरी नेऊन चुलीत घातली. प्रगतीने स्वच्छ प्रतीवर सही केली.

हे वाचून तुम्हाला आमचा राग आला असेल तर येऊ द्या. मला अजून येतो.

जानेवारीत सुनावणी झाली, प्राचार्यांच्या शेजारच्या छोट्या खोलीत. आम्ही सगळे होतो, शिवाय विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी, ज्यांचे पेपर सुनिल सरच तपासणार होते. ते दोघं सगळा वेळ टेबलाकडे बघत बसले. प्रगती निळा पंजाबी ड्रेस घालून आली होती, केस घट्ट बांधलेले. दाराबाहेर काकड्या उभा होता, कामावरचा खाडा करून आलेला. बुधीबाईंनी तिला खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, "बसा. घाबरू नका."

सुनिल सर चिडले नाहीत, मोठ्याने बोललेही नाहीत. त्यांनी एक फाइल पुढे केली. प्रगतीने त्यांना पाठवलेले मेसेज होते, छापून आणलेले. त्यांचा स्वतःचा त्यात एकही नव्हता. "मी जुनं ठेवत नाही," म्हणाले, "हे तेवढे राहिले." पिवळ्या पेनने काही शब्दांवर खुणा केलेल्या होत्या. 'सर तू आहे का आज.' 'सर तू कधी येशील मी वाट बघते.' 'सर तू काल का नाही आला.' 'सर तू बोलला म्हणून मी थांबली.' पिवळी खूण फक्त एका शब्दावर होती. पानभर नुसता तोच पिवळा.

"मला कोणावर आरोप करायचे नाहीत," सर म्हणाले. "लहान आहे ती. पण विद्यार्थिनी कोणत्या नात्याने मला असं लिहिते, ते तुम्हीच ठरवा. मी अंतर ठेवायला लागलो, आणि मग हा अर्ज आला."

दक्षाबेननी चष्मा लावून कागद वाचला. त्या वाईट बाई नाहीत. पण त्यांच्या तोंडून निघालं, "अगं छोकरी, सरला कोण तू बोलतं? आमच्या गुजरातीत तर मोठ्या भावाला पण तमे बोलतात."

निर्मला मॅडमनी अर्ज आणि छापलेला कागद शेजारी शेजारी ठेवले. "प्रगती, अर्जात तू लिहिलंयस की तू सरांशी नेहमी आदराने बोलायचीस. त्या दिवशीही 'तुम्ही असे करू नका' म्हणालीस. इथे तर सगळीकडे तू आहे. त्या दिवशी नक्की काय म्हणालीस? तू की तुम्ही?"

प्रगती म्हणाली, "तू."

"मग अर्जात तुम्ही कसं आलं?"

मुलगी खरं बोलणारी होती. तिने बुधीबाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशीने लिवला. मी सही केली."

बुधीबाई ताडकन उठल्या. "मॅडम, आमच्यात सगळ्यांनाच..." एवढंच त्यांना बोलता आलं. निर्मला मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. अर्ज तुम्ही लिहिलात?" बुधीबाई म्हणाल्या, "हो. प्रशिक्षणात सांगितलं होतं, सदस्याने मदत करावी." मॅडमचा आवाज खाली आला. "मदत वेगळी आणि तिच्या तोंडी आपले शब्द घालणं वेगळं. तुम्ही एका बाजूच्या झालात, बुधीबाई. या प्रकरणात तुम्हाला इथे बसता येणार नाही." वाणिज्याचे सर नियमाचं पुस्तक चाळत म्हणाले, "बरोबर आहे, निःपक्षपातीपणाचा प्रश्न येतो." बुधीबाईंनी माझ्याकडे बघितलं. तो अर्ज मी वाचला होता, वेलांट्या मी सुधारल्या होत्या, मूळ पानं मी नाहीशी करायला सांगितली होती. नियम लावायचाच तर मीही उठायला हवं होतं. त्या माझं नाव घेतील म्हणून माझी पाचावर धारण बसली. त्यांनी घेतलं नाही. पदर खोचला आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

खोलीत आता त्या बोलीतलं एकच माणूस उरलं होतं, आणि ती तक्रारदार होती.

गडावरच्या महालक्ष्मीला सगळा तालुका तू म्हणतो, विवळवेढ्याच्या जत्रेत कोणी तिला तुम्ही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आणि आईला तर तुम्ही-आम्ही सगळेच तू म्हणतो. त्यात कोणाला लगट दिसत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मराठी मी शिकवते. पंधरा वर्षं या मुलींच्या वह्या तपासते आहे. 'प्राचार्य साहेब, तू आम्हाला सुट्टी दे' असे अर्ज मी ढिगाने वाचले आहेत. त्यातला एक काढून टेबलावर ठेवला असता तरी चाललं असतं. मी म्हणाले, "मॅडम, बोलीभाषेत कधी कधी..." निर्मला मॅडम म्हणाल्या, "जयश्री, ही भाषेची परीक्षा नाही. टिपण घे." आणि मी टिपण घेतलं. अक्षर चांगलं आलं.

प्रगतीला आणखी विचारलं गेलं. वाट बघते म्हणजे काय? सहीसाठी वाट बघते. मग सहीसाठी असं का लिहिलं नाहीस? 'थांबली' म्हणजे कुठे थांबली? सरांचे मेसेज पुसलेस का? घाबरलीस तर इतके दिवस परत परत का गेलीस? तिची मराठी अडखळायला लागली. ती तू आणि तुम्ही एकत्र करायला लागली. निर्मला मॅडमना "तू ऐक ना" म्हणाली आणि लगेच जीभ चावून "तुम्ही" म्हणाली. सुनिल सरांनी मान खाली घातली, म्हणजे हसू दिसू नये म्हणून. शेवटी ती बोलायचीच थांबली. ती गप्प बसली याची वेळही मी टिपून ठेवली आहे.

अहवाल मार्चात आला. अर्जातील मजकूर व पुरावा यांत तफावत आढळते, सबब आरोप सिद्ध होत नाही. त्याखाली एक शिफारस होती: ग्रामीण भागातील विद्यार्थिनींसाठी आदरयुक्त भाषेची कार्यशाळा घेण्यात यावी, जबाबदारी मराठी विभाग. म्हणजे मी. सह्या सगळ्यांच्या होत्या. माझीही.

बुधीबाईंनी अहवाल ग्रंथालयात उभ्यानेच वाचला. मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आत सांगितलं ना, आमच्यात कसं बोलतात ते?"

मी हो म्हणाले.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मग झालं. तुमचं पण नाही ऐकलं म्हणजे." आणि त्या मला चहा करून द्यायला गेल्या. असा चहा मी आयुष्यात प्यायलेली नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला जग शिक्षा करतं म्हणतात. मला साखर जास्त घातलेला चहा मिळाला.

पण बुधीबाई थांबल्या नव्हत्या. अपील करता येतं, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलेलं होतं. त्या पाड्यावर गेल्या आणि चिमीला म्हणाल्या, या वेळी पोरगी लिवेल तसाच जाऊ दे, मी एक अक्षर बदलणार नाय. चिमीने पाणी दिलं, बसायला दिलं, आणि सांगितलं की आता नको. पाड्यावर गोष्ट पसरलेली होती, आणि पसरताना उलटी झालेली होती. पोरगीच सराच्या मागे होती, मोबाइलवर कागदच निघाला, कॉलेजानेच लिहून दिलं, असं लोक म्हणत होते. कॉलेजाने लिहून दिलंच होतं. काकड्या ओटीवर पाठ करून बसून राहिला. चार संध्याकाळी त्याच ओटीवर बसून बुधीबाईंनी जो शब्द दिला होता, त्याची आठवण त्याने काढली नाही. काढली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं त्या मला म्हणाल्या.

प्रकल्पाच्या रकान्यात प्रगतीला गैरहजर लावलं गेलं. एप्रिलपासून ती गुजरातच्या बाजूला एका कंपनीत पिशव्या भरायच्या कामाला जायला लागली. सकाळी कंपनीची गाडी नाक्यावर येते. एकदा बुधीबाई मुद्दाम लवकर निघून नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा देता येईल का, ते त्यांनी विद्यापीठाच्या कागदात शोधून काढलं होतं. प्रगतीने ऐकून घेतलं. मग गाडीत चढताना म्हणाली, "तुम्ही जा, मावशी. तुम्हाला उशीर होईल."

पाड्यावर कोणी कोणाला असं बोलत नाही. बुधीबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्या दिवशी मात्र फळ्यावर सुविचार लिहिला गेला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जुलैत मला ऑर्डर मिळाली. ऑगस्टमध्ये मी कार्यशाळा घेतली, 'संभाषणातील शिष्टाचार'. सत्तर मुली आल्या. मी त्यांना तू आणि तुम्ही यांतला फरक समजावून सांगितला, उदाहरणांसकट. पहिल्या रांगेत सुनिल सर प्रमुख पाहुणे होते. त्यांनी समारोपात मुलींना निर्भय व्हायला सांगितलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

त्याच महिन्यात एका दुपारी मी ग्रंथालयात वह्या तपासत बसले होते. तलासरीकडची एक मुलगी खिडकीशी आली. दुसऱ्या वर्षाची, बारीक चणीची. पुस्तक मागेना, जाईना. बुधीबाईंनी विचारलं तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. सुनिल सरांचा मेसेज होता. दुपारी सगळे गेल्यावर खोलीत ये, पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय ठरवू. खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या मी इथे लिहिणार नाही. बुधीबाईंनी वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मी वाचलं. या वेळी मेसेज पुसलेला नव्हता. सगळं होतं तिथे, तारखेसकट.

"मावशी, तक्रार करू का?" मुलगी म्हणाली. "फलकावर तुझा नाव हाय, म्हणून आली."

बुधीबाईंनी मोबाइल तिला परत दिला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक छापील अर्ज काढला. मला वाटलं तक्रारीचा. तो विषय बदलण्याचा होता.

"भूगोल घे," त्या म्हणाल्या. "आज शेवटची तारीख हाय."

"पण मना इतिहासात चांगले मार्क हायत."

"घे भूगोल."

"आणि तक्रार?"

"नको करू, बाय."

मुलगी माझ्याकडे वळली. मी त्या समितीची सचिव आहे, हे तिला माहीत होतं, कारण फलकावर बुधीबाईंच्या वरच माझं नाव आहे. ती वाट बघत राहिली की मॅडम तरी काही वेगळं सांगतील. मी पेनचं टोपण काढलं आणि अर्जाच्या खालच्या रकान्यात, जिथे कोणत्याही शिक्षकाची सही चालते, तिथे सही केली. मुलीने तो मेसेज आमच्यासमोरच पुसला, अर्ज उचलला आणि ऑफिसकडे गेली.

समितीच्या एका सदस्याने मुलीला तक्रार करू नको म्हणून सांगितलं होतं आणि सचिवाने त्यावर सही केली होती. त्या वर्षीचा अहवालही निरंक गेला. मला लाज वाटते ती त्याची नाही. बुधीबाई नको म्हणाल्या तेव्हा मला मनापासून वाटलं, बरोबर सांगितलं त्यांनी. अजूनही तसंच वाटतं.